घाटात न घेतलेलं नाव

“माईक खाली ठेव! ए मास्तर, ठेव म्हणतो ना खाली!”

आबा ओरडत होते. आबा म्हणजे आमच्या यात्रा कमिटीचे अध्यक्ष. डोक्याला गुलाबी फेटा, तोंड भंडाऱ्यानं पिवळंजर्द. बैलगाड्यांच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, दोन्ही अंगांना माणूस इतकं, की वरून तीळ टाकला असता तर तो कुणाच्यातरी टोपीवरच उगवला असता. मी स्टेजवर उभा. आबांचाच गाडा नुकता निशाणापार गेलेला. पहिल्या नंबरात बसला. तीन मालकांची नावं मी पुकारली होती. चौथं ओठावर होतं.

“आबा, एक नाव ऱ्हायलंय.”

“ऱ्हाऊ दे.”

परक्याला हे कळायचं नाही, म्हणून सांगतो. आमच्या जुन्नर-आंबेगावात गाडा एकट्याचा क्वचितच. चार बैल लागतात, पुढं एक घोडी. पळणारे चार बैल एका गोठ्यात कुणाच्या असतात? मग ह्याचा एक, त्याचा एक असा गाडा जुळवायचा. आणि बारी लागली, म्हणजे गाडा वेळेत निशाणापार गेला, की चारही मालकांची नावं भोंग्यातून पुकारायची. ही रीत. बैल पळतो डोळ्याचं पातं लवेस्तोवर, मालक ते नाव वर्षभर पुरवून खातो. पोरीची सोयरीक जमवतानाही सांगतात, अमक्या घाटात आमचं नाव पुकारलं होतं म्हणून.

पुकारणारा मी. मी आहे तळेघरच्या वरच्या एका वाडीतल्या शाळेवर. तिथं मी बाराखडी सुरू केली की भीमाशंकरच्या रानातली शेकरं फांदीवर बसून ‘क का कि की’ म्हणतात. मंचरात शिंकलो तर नारायणगावात टोमॅटोचा लिलाव थांबतो. असा आवाज. गावानं तो हेरला. शर्यतींवरची बंदी उठून घाट पुन्हा सुरू झाला, तेव्हापासून दर यात्रेला मला निरोप. रजा टाकायची, एसटी मिळाली तर एसटी, नाहीतर निम्मा डोंगर पायी उतरायचा आणि दिवसभर लोकांची नावं ओरडायची.

माझं नाव? “आता निवेदन करतील आपले मास्तर.” दरवर्षी एवढंच. पाहुण्याला नाव, आडनाव, हुद्दा, गाव. घोडीलाही नाव. मी मात्र ‘आपले मास्तर’. नाव घेतलं असतं तर आडनाव आलं असतं. आडनाव आलं की गावाच्या खालच्या अंगाची आमची वस्ती आली असती.

आज्यानं धम्म स्वीकारला, घरातले देव ओढ्यात सोडले. तरी गावाला वाटायचं, यात्रेची हलगी ह्यांच्याच घरातून यावी. बापानं हलगी सोडली. मार खाल्ला, पण सोडली. मग माझा आवाज मागायला आले. मी छाती फुगवून गेलो. शिकलेला ना मी! मला वाटलं, मान आहे. हलगीच होती ती. तिला फक्त वायर जोडली होती.

चौथं नाव माझ्या आत्याचं. सखूआत्या. बापाची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली ती इथलीच झाली. मंचरच्या बाजारात कुणी ढुंकून बघत नव्हतं असं एक मरतुकडं खोंड तिनं आणलं. नाव ठेवलं बादल. उडदाचं पीठ, अंडी, दूध. बैल दूध प्यायचा, आत्या कोरा चहा. बैलाच्या डोक्यावर नवा पत्रा, आत्याच्या डोक्यावर गळकी कौलं. मी एकदा बोललो. तर म्हणाली, “तुझं नाव शाळंच्या फळ्यावर हाय. माझं कुटं हाय रं? ह्यो पळंल, तवा व्हईल.”

आणि बादल असा पळायचा की त्याची सावली मागं राहून धापा टाकायची.

यात्रेच्या तोंडावर आबांचा एक बैल लंगडायला लागला. आबा आमच्या अंगणात आले. बाज टाकली, बसले नाहीत. पाणी पुढं केलं, “आत्ताच पिऊन आलो.” हे आम्हाला पाठ आहे.

“सखू, बैल दे जुळवायला.”

“देते. माजं नाव पुकारायचं. सगळं, आडनावासकट.”

“पुकारू की! तुझा भाचाच हाय माईकवर.”

मी तिथंच होतो. मी ऐकलं. आत्यानं त्या रात्री बैलाच्या शिंगांना बेगड लावली आणि स्वतःसाठी ट्रंकेतलं निळं लुगडं काढलं.

म्हणून तर स्टेजवर मी माईक सोडेना. आबा वर चढून आले. माईकवर पंजा ठेवला आणि माझ्या कानाशी लागले.

“आरं मास्तर, पावणं बसल्यात. पहिल्या नंबरच्या गाड्यात त्या वस्तीतलं नाव? पुढच्या साली कोण बैल जुळवंल आपल्यासंगं? बैल आमचाच म्हन. तिला लुगडं करू एक.”

आबांना वाटलं, पंजा ठेवला की माईक मुका होतो. वीस कर्ण्यांच्या भोंग्यावर ते सगळं गेलं. ‘त्या वस्तीतलं नाव’ घाटाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजलं. आत्या खाली बादलची वेसण धरून उभी होती. तिनं मान वर केली.

मला वाटलं, आता घाट गप्प होईल. एवढं माणूस, कुणीतरी म्हणेल, हे काय बोलणं झालं? घाट गप्प झाला नाही. कुणीतरी हसलं. पाहुण्यांनी चहा ढवळला. माझ्या हाताखालून चौथी पास झालेले दोन गडी समोरच होते, त्यांनी मोबाइलमध्ये तोंड घातलं. पुढचा गाडा जुंपायला घेतला.

तेवढ्यात माईक बंद झाला. आबांनी भोंगेवाल्याला खुणावलं असणार.

मी माईक टाकला आणि उघड्या नरड्यानं ओरडलो, “गाडामालक सखुबाई धोंडिबा रोकडे!”

गोष्ट रंगवायची असती तर सांगितलं असतं, ते नाव शिवनेरीवर आदळून परत आलं. आयुष्यभर थापा मारल्या, इथं मारवत नाही. दुसऱ्या रांगेच्या पुढं गेलं नाही ते. हलग्यांनी गिळलं. ज्या आवाजानं सगळ्या तालुक्याची नावं वाहिली, त्याला घरचं एक नाव नेता आलं नाही. वायर त्यांची होती.

मी खाली उतरलो. आत्यानं भंडारा पुसून काढला होता बादलच्या पाठीवरचा. आम्ही तिघं शेताच्या कडेनं घरी आलो. मी थकलो होतो. घसा नाही, मी. एवढा, की शाळेत पोरांना ‘सगळे समान’ हा धडा पुन्हा कुठल्या तोंडानं शिकवायचा, हेही सुचेना.

दिवस मावळायला आबा आले. अंगणातच उभे. हातात लुगड्याची पिशवी.

“सखू, उद्या पयल्या नंबरातल्या गाड्यांची फायनल हाय. बैल सकाळच्याला लावून दे.”

आत्या बादलच्या खुरांना तेल चोळत होती. चोळतच राहिली. आबांनी पिशवी बाजेवर ठेवली आणि माझ्याकडं वळले.

“मास्तर, तुमी शिकलेलं. सांगा की हिला.”

दुपारी ‘ए मास्तर’, आता ‘तुमी’.

“आबा, मी पण येणार नाही,” मी म्हणालो. “उद्याही नाही, पुढच्या वर्षीही नाही. आमच्या माणसाचं नाव जिथं घेत नाहीत, तिथं मी कुणाचंच घेणार नाही. माईक दुसऱ्याला द्या.”

“आरं राव, एका नावापायी गावाची इज्जत घालवता व्हय? लांबलांबनं पावणं आल्यात! बैल न्हाई, मास्तर न्हाई. उद्या आमी घाटात करायचं काय?”

आत्या उठली. तेलकट हात धुतले, लुगड्याला पुसले. पिशवी उचलून आबांच्या हातात दिली.

“तुमचं तुमी बगा.”