चुणीत गेलेली पिवळी रेघ

इस्माईलभाई गेल्याचा मेसेज त्यांच्याच फोनवरून आला. मी शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलो. गणवेशाची बटणं पाठवायची आठवण असणार असं धरून न वाचताच ‘उद्या बघू, इन्शाल्ला’ असं पाठवून दिलं. मग वाचला. त्यांच्या मुलीनं, झुलेखानं, लिहिला होता. न बघता हो म्हणायची माझी ही खोड जुनी, आणि तिची सगळ्यात जास्त झळ बसली ती इस्माईलभाईंनाच.

ते दापोलीकडचे. शारजात त्यांचा शाळांचे गणवेश शिवायचा कारखाना. मी त्यांना ऑर्डरी देणाऱ्या कंपनीतला सेल्समन. तीनेक वर्षांपूर्वी दुबईत अल बर्शातल्या एका नव्या शाळेला स्वतःचं टार्टन हवं होतं, म्हणजे फक्त त्या शाळेचा असा चौकडा. तो मी कॉम्प्युटरवर काढला : बाटलीसारखा हिरवा, त्यावर गडद निळे पट्टे आणि त्यांतून वाळूच्या रंगाची एक बारीक पिवळी रेघ. प्रिन्सिपॉलबाई त्या रेघेवरच खूश, कारण ती नसती तर चौकडा थेट शेजारच्या शाळेचा. मी इतका फुगलो की इस्माईलभाई मला ‘आर्टिस्टसाहेब’ म्हणायला लागले, तेही मला कौतुकच वाटलं. कापड आल्यावर ते म्हणाले, “आधी एकच स्कर्ट शिवूया, कोणाला तरी घालून चालवून बघूया.” मी म्हटलं, “यल्ला, चला इस्माईलभाई, टाइम नाही. चुण्यांचं माप दिलंय ना?” ते माप मी दुसऱ्याच शाळेच्या स्कर्टवरून उचललं होतं.

चारशे स्कर्ट तयार झाले आणि पिवळी रेघ गायब. चुणीची घडी दर वेळी नेमकी तिच्यावरच पडत होती... शाळा उघडायला आठ दिवस. आदल्याच महिन्यात माझी एक ऑर्डर फसलेली. ही दुसरी, म्हणजे नोकरी खलास, व्हिसा खलास, आणि मुलगी दहावीला. प्रिन्सिपॉलबाईंसमोर मी सुरू केलं, “मॅडम, हिडन लाइन आहे, मुली धावल्या की दिसेल, कन्सेप्टच तसा...” इस्माईलभाईंनी मध्येच तोडलं. “नाही मॅडम. मिस्टेक झाली आमची. उसवून देतो.” माझ्या साहेबांनाही त्यांनी तेवढंच सांगितलं : आमची. कारखाना आठ दिवस उसवत आणि शिवत होता. मी मदतीला बसलो, तर तासाभरात त्यांनी माझ्या हातातली कात्री काढून घेतली. “आर्टिस्टसाहेब, कापड फाडताय. चहा सांगा.” नंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही. मीही नाही, न काढणं सोयीचं होतं.

गेल्या आठवड्यात कारखान्यात गेलो. कटिंगच्या टेबलामागे हँगरला एक स्कर्ट लटकत होता, हिरवा-निळा, रेघेशिवायचा. झुलेखा म्हणाली, “अब्बांनी एक मुद्दाम न उसवता ठेवला. नव्या शिंप्यांना दाखवायचे. ‘चूक कोणाची?’ विचारलं की म्हणायचे, आपली.”

“माझी होती,” मी म्हटलं.

“ठाऊक आहे, अंकल. तुम्ही येणार असलात की तो आत ठेवायला लागायचा.” ती हात पुसत उठली. “आज विसरलेच. काढू?”

“नको,” म्हटलं, “राहू दे बाहेरच.”