रेणुकाचं शिबिर, माझी पिंगळी

पिंगळीच्या स्टेशनात पॅसेंजर जेमतेम दोन मिनिटं थांबायची. बाबांनी एका हातात मला आणि दुसऱ्या हातात माझी पत्र्याची पेटी धरली होती. मी आठ वर्षांची होते. तीन वर्षांची असताना मला गोवर झाला आणि त्यात दोन्ही डोळे गेले, त्यामुळे गाडी आली ती आधी माझ्या तळपायांना कळली.

“माय कुठं हाय?” मी विचारलं.

“घरी. तिला काम हाय,” बाबा म्हणाले आणि त्यांनी मला उचलून डब्यात ठेवलं.

परभणीला उतरून पुढं पुण्याची गाडी धरायची होती. पुण्यात अंध मुलींची निवासी शाळा होती. बाबा गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होते, आणि तिथल्या गुरुजींनी त्यांना या शाळेचा पत्ता दिला होता. गाडी हलली तेव्हा खिडकीच्या गजांना तोंड लावून मी “माय” म्हणून दोनदा हाक मारली. कुणी ओ दिली नाही. तिनं बांधून दिलेले धपाटे मी पुण्यापर्यंत सोडले नाहीत. भूक होती, पण राग जास्त होता. काम तर रोजच असतं. लेक रोज जाते का?

तो राग मी खूप वर्षं सांभाळला. आज हे लिहितेय ते गावात राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखं पेटी घेऊन निघालेल्यांसाठीही. दोघांनाही एकमेकांचं थोडंच माहीत असतं.

वसतिगृहात मी ब्रेल शिकले, आणि त्याच्याही आधी बोलायला शिकले. मी “का”ऐवजी “कामून” म्हटलं की मुली हसायच्या. सहा महिन्यांत माझं “म्या”चं “मी” झालं, “लय”चं “खूप” झालं. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा माय ऐकत राहिली आणि म्हणाली, “लय शुद्ध बोलायलीस गं.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. पण त्यानंतर ती माझ्याशी जरा जपून बोलायला लागली, पाहुण्यांशी बोलावं तसं. बाबा मात्र होते तसेच राहिले. प्रत्येक वेळी निघताना एकच सांगायचे, “रस्ता दिसत न्हाई तर विचारायचं. तोंड हाय ना?” बाबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली.

मी विचारत विचारत बीएड झाले आणि पुण्यातच अंध मुलींच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. आता तिसऱ्या मजल्यावर माझा फ्लॅट आहे. फोन मला मेसेज वाचून दाखवतो, लिफ्ट मजला सांगते, रिक्षा ॲपवर येते. गावी असताना बाहेर पडायचं तर कुणाचा तरी हात धरावा लागायचा. इथं कुणाचा हात लागत नाही. ही गोष्ट मी कौतुकानं सांगते आणि सांगताना मधेच थांबते.

गेल्या वर्षी आमच्या सहा मुलींची बंगळूरुजवळच्या एका अवकाश शिबिरासाठी निवड झाली. पाच दिवसांचं शिबिर, फक्त दृष्टिहीन मुलांसाठी. तयारी माझ्याकडे होती. मोठा लाल भोपळा आणून आम्ही त्याला सूर्य केलं आणि ज्वारीचा एक दाणा पृथ्वी म्हणून हातात घेतला. भोपळ्यापासून पावलं मोजत निघालो, तर पृथ्वी मैदानाच्या पार टोकाला गेली. शाडूच्या मातीचा चंद्र केला. थर्मोकोलचं रॉकेट केलं, त्याचे टप्पे एकेक करून हातानं सुटे करता यायचे. गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसायची सवय केली. अनोळखी खोलीत शिरल्यावर भिंतीला हात लावून पूर्ण फेरी मारायची आणि दाराशी परत यायचं, हेही रोज घोटलं.

शिबिरात एक दिवस पोहण्याच्या तलावातला होता. कमरेला पट्टा आणि वजनं लावून मुलांना पाण्यात असं सोडणार होते, की ती ना वर येतील ना तळाला जातील. अंतराळातलं तरंगणं म्हणजे काय, ते थोडंफार कळावं म्हणून. मी हे समजावून सांगितलं तेव्हा रेणुकानं विचारलं, “मॅडम, मग खाली कुठंय ते कसं कळणार?”

रेणुका तेरा वर्षांची, येलदरीची. तिला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. तिचे वडील धरणाच्या पाण्यात मासे धरतात आणि आई जिंतूरच्या बाजारात विकते. तिचा प्रश्न ऐकून मी पायानं फरशी चाचपली. आमचं सगळं जग पायांपासून सुरू होतं. फरशी, माती, पायरी, उतार. पायाखालचं काढून घेतलं तर आम्ही उभ्या कुठं राहणार?

दिवाळीच्या सुट्टीला जाताना मी मुलींबरोबर पालकांच्या सहीसाठी संमतिपत्रं पाठवली. सुट्टीनंतर पाच सह्या आल्या. रेणुका मात्र आली नाही. फोन केला तर वडील म्हणाले, “तिची आई न्हाई म्हणायलीय, मॅडम. शिबिराला न्हाई, अन् आता शाळेलाबी न्हाई.”

मी परभणीची गाडी धरली. माझा भाऊ मिलिंद परभणीत कारकून आहे. तो मला पिंगळीला घरी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी एकटीच येलदरीला जाईन म्हटलं, तर माय म्हणाली, “मी बी येते.” माझ्या शाळेच्या कामात तिनं कधी लक्ष घातलं नव्हतं. मी नको म्हणाले, तरी ती पायात चपला घालून तयार.

जिंतूरहून एसटी बदलून आम्ही येलदरीला उतरलो. रेणुकाच्या घरासमोर जाळी वाळत घातलेली होती, त्यांचा ओलसर वास आधीच आला. तिची आई शांताबाई हिनं चहा दिला, आणि कप खाली ठेवायच्या आतच ती बोलायला लागली.

“बाई, तुमचा कागद म्या अंगणवाडीच्या ताईकडून वाचून घेतला. काई झालं तर शाळा जबाबदार न्हाई म्हणं. मग कोण हाय जबाबदार?”

“तो नियम असतो, शांताबाई. सगळ्याच शाळांत असं लिहून घेतात.”

“हिला पाण्यात सोडणार. हिचा बाप रोज पाण्यात जातो, अन् तो माघारी येईस्तोवर माझ्या घशाखाली घास उतरत न्हाई. त्यात आता ही. अन् दिसत न्हाई तिला, आभाळाचं काय करायचं तिनं?”

“आई, आमी मातीचा चंद्र केलाय,” रेणुका कोपऱ्यातून म्हणाली. “त्याचे खड्डे म्या मोजलेत.”

“तू गप बस.”

मी बोलत राहिले. शिक्षण, आत्मविश्वास, संधी. पुण्यातल्या पालक सभेत बोलते तसं. माझे शब्द त्या घरात कुठंच टेकत नव्हते, आणि ते मला ऐकू येत होतं. ते जबाबदारीचं वाक्य मीच टाइप केलं होतं, आणि कुणालाही न समजावता पोरींच्या हाती घरोघर पाठवलं होतं.

मी थांबले तेव्हा माय बोलली.

“ही माझी लेक. आठ वर्साची होती, तवा हिच्या बापानं पुण्याला नेली. हिला वाटतंय मी ठेसनावर आले नव्हते.”

मला वाटलं, माय काहीतरी दुसरंच सांगतेय.

“म्या आले व्हते. हातातल्या बांगड्या वाजू नयेत म्हणून पदरात गुंडाळून घेतल्या, चपला घरी ठेवल्या. हिच्यापासून दोन हातावर उभी व्हते. हिनं हाक मारली. दोनदा मारली. म्या तोंडात पदर कोंबला.”

बाहेर कुणीतरी जाळं झटकत होतं.

“ओ दिली असती तर ही गाडीतून उतरली असती,” माय म्हणाली. “अन् उतरली असती तर म्या पुन्हा चढू दिली नसती.”

“मग तुमी बरोबर केलं का चुकलात?” शांताबाईनं विचारलं.

“ते अजून कळलं न्हाई मला. पोरगी मास्तरीण झाली. दुसऱ्याच्या पोरींना शिकवती. पण माझ्याशी परक्यासारखी बोलती.”

माझ्या हातातला कप मी जमिनीवर ठेवायला गेले तर तो कलंडला. रेणुकानंच तो हातानं शोधून सरळ केला.

मग मी पिशवीतून ब्रेलची पाटी काढली, कागद लावला आणि एक ओळ आणि खाली माझं नाव टोचून शांताबाईच्या हातात दिलं. तिनं त्यावरून बोटं फिरवली. “काय लिवलंय? मला तर साधंबी वाचता येत न्हाई.”

रेणुका सरकून आईजवळ आली. कागदावर बोट ठेवून तिनं वाचलं, “रेणुकाबरोबर पाण्यात मी उतरेन. मी जबाबदार. सुजाता.”

“पुन्यांदा वाच,” शांताबाई म्हणाली. रेणुकानं पुन्हा वाचलं. लेकीला वाचताना तिनं बहुतेक पहिल्यांदाच पाहिलं होतं. हो काही ती म्हणाली नाही. कागद मात्र परत दिला नाही.

परतीच्या एसटीत मी मायशेजारी बसले. जिंतूर मागं पडल्यावर विचारलं, “मला कधी सांगितलं कामून न्हाई?” किती वर्षांनी माझ्या तोंडून “कामून” आलं, ते मलाही नंतर जाणवलं.

माय म्हणाली, “सांगितलं असतं तर दर येळी फलाटावर थांबून तू मलाच ऐकत बसली असतीस.”

मी तिचा हात धरला. कातडी सैल झाली होती, हाडं हाताला लागत होती. दरवर्षी मी दोन दिवस येते आणि जाते. हा हात असा कधी झाला, मला कळलंच नव्हतं.

त्या खेपेला मी दोन दिवस जास्त राहिले. मिलिंदनं लग्न झाल्यावर लगेच पक्कं घर बांधलं, स्लॅबचं; दोन-दोन दिवसांच्या खेपांत ते माझ्या पायांना कधी पाठ झालं नाही. अंगणातला कडुनिंब, मायचा लिंब, गेला, तिथं फरशी आली. चूल होती तिथं गॅसचा ओटा आहे. न्हाणी मागच्या बाजूला गेली. पुण्यात मी शाळाभर काठीशिवाय फिरते, आणि ज्या घरात रांगले तिथं मला काठी लागली. एकदा तर जुन्या दाराच्या अंदाजानं निघाले ते थेट भिंतीला कपाळ लागलं. माय धावत आली. “हितं दार व्हतं,” ती म्हणाली, जणू चूक भिंतीचीच होती.

येलदरीच्या भेटीनंतर सहाव्या दिवशी रेणुका वडिलांबरोबर पुण्याला आली. संमतिपत्रावर आईचा अंगठा होता. वडील म्हणाले, “रोज फोन करा म्हणाली. अन् पाण्यातून भाईर आल्या आल्या करा.”

मला पोहता येत नाही. शिबिरात तलावाच्या काठावर पट्टा बांधून घेताना मी त्याची बक्कल दोनदा चाचपून पाहिली. प्रशिक्षक दोन्ही बाजूंनी होते, रेणुकाची बोटं माझ्या बोटांत होती. मग काठ सुटला. पायांनी तळ शोधला, मिळाला नाही. पुन्हा शोधला. वर काय, खाली काय, काहीच कळेना. फक्त तिची बोटं होती.

बाहेर आल्यावर टॉवेल गुंडाळून ती कुडकुडत बसली होती. फोन लावून दिला तर पलीकडून पहिल्याच घंटेला आवाज आला.

“आले गं भाईर,” रेणुका म्हणाली. “आधी लय भ्या वाटलं. मग पाय शोधायचे थांबले. मग न्हाई वाटलं.”

पलीकडं शांताबाई रडत होती की हसत होती, मला ओळखता आलं नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, “जेवलीस का?”

मी टॉवेलात तोंड घालून बसले. रेणुकाचे पाय शोधायचे थांबले. माझे थांबले नव्हते. चौतीस वर्षं ते पुण्याच्या फरश्यांवरून चालतात, आणि आत कुठंतरी अजून शेणानं सारवलेली जमीन चाचपतात.

आता मी दर दोन दिवसांनी दुपारी मायला फोन करते. शाळेचं सांगते, ती गावचं सांगते. विहारात कोण आलं होतं, कुणाच्या लेकीचं जमलं, तुरीला फुलोरा कसा आहे. मी तिच्याशी तिच्यासारखं बोलायचा प्रयत्न करते. मधेच चुकते, ती हसते. एकदा मी विचारलं, “काय करायलीस?” ती म्हणाली, “काई न्हाई, लिंबाखाली बसलेय. सावली हाय.”

लिंब तर कधीच तोडला होता. नंतर मिलिंदला विचारलं तर तो म्हणाला, “तायडे, ती तुझ्याशी असंच बोलती. खुर्चीवर पंख्याखाली बसती अन् तुला सांगती, लिंबाखाली बसलेय, चुलीपाशी बसलेय. म्या एकदा टोकलं, तर म्हणाली, तिला नवं घर कुठं ठावं हाय. तिला सापडंल असं बोलावं.”

ते जुनं घर आता जमिनीवर नाही. मिलिंदची मुलं त्या जागी वाढतायत, त्यांना ते कधी दिसलंच नाही. त्यात आता फक्त दोन माणसं राहतात. एक मी, आणि दुसरी ती, जी माझ्यासाठी प्रत्येक फोनला त्यात जाऊन बसते. आज फोन केला तेव्हा ती म्हणाली, “चुलीपाशी हाय.”

“जाळ कमी कर,” मी म्हणाले. “धूर व्हायलाय.”

“करते,” माय म्हणाली.