टाका आणि ग्रहण

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी माझ्या गर्भाशयाच्या तोंडावरचा एक लहानसा तुकडा कापून काढला. कॅन्सर नव्हता; पुढेमागे झाला असता. हे फक्त नवऱ्याला माहीत होतं. कुसगावच्या घरात बाकी सगळ्यांसाठी मी 'पाळीच्या तक्रारीसाठी' लोणावळ्याला गेले होते. आमच्या घरात पाळीबद्दल कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही.

मग दिवस गेले. पाचव्या महिन्यात सोनोग्राफी करताना डॉक्टरीणबाई गप्प झाल्या. गप्प डॉक्टर मला आवडत नाहीत.

"त्या ऑपरेशननंतर बहुतेकींना काही होत नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या गर्भाशयाचं तोंड मात्र आखूड होत चाललंय. बाळ वेळेआधी यायला नको. टाका घालू."

आता सासूबाईंना सगळं सांगावंच लागलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "कापलं तवा गिऱ्हाण नव्हतं ना?"

नव्हतं. मी मोबाईलवर बघून खात्री करून दिली.

सातव्या महिन्यात खरंच ग्रहण आलं. गरोदर बाईने ग्रहणात काही चिरलं, शिवलं तर बाळाचा ओठ फाटतो, असं आमच्याकडे मानतात. सासूबाईंनी विळी, कात्री, सुया कपाटात कोंडल्या आणि मला भिंतीला टेकवून बसवलं. सकाळपासून पाण्याचा थेंबही नाही. डॉक्टरांनी आराम सांगितलाच होता, म्हणून मी वाद घातला नाही.

दुपारी पोट आवळायला लागलं. सुटायचं, परत आवळायचं. मी घाबरले. टाका तुटला तर बाळ जगणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

सासूबाई ऐन ग्रहणात रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या आणि रिक्षा थांबवली. मला डोक्यापासून चादरीत गुंडाळलं होतं.

"काय झालं, मावशी?" रिक्षावाल्याने विचारलं.

"गिऱ्हाण झालं. चल."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं. टाका जागेवर होता.

"पाणी कधी प्यायलात?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"पाणी कमी पडलं की पोट असं आवळतं. सलाईन लावते, तोवर पाणी पाजा."

ग्रहण सुटायला वीस मिनिटं होती. सासूबाईंनी पेला भरून माझ्या तोंडाला लावला.

"पी गं. काय यायचं ते माज्यावर येऊ दे."

सदतिसाव्या आठवड्यात टाका काढला. पाच दिवसांनी मुलगी झाली. नर्सने तिला सासूबाईंच्या हातात दिलं. मुलगा की मुलगी, हे त्यांनी विचारलंच नाही. आधी तिचा वरचा ओठ अंगठ्याने चाचपला.

"अख्खा हाय," त्या म्हणाल्या आणि तिथेच खाली बसून रडायला लागल्या.