पहिल्या तोडीचा कोरा चहा

चहाविषयी छापून आलेलं काहीही मी वाचतो. तिबेटात चहात लोणी आणि मीठ घालतात, म्यानमारमध्ये चहाची पानं आंबवून खातात, गोकर्णाच्या फुलांचा निळा चहा लिंबू पिळलं की जांभळा होतो, हे सगळं मला ठाऊक आहे. जळगावच्या आमच्या ऑफिसात मी हे रोज सांगायचो. लोक ऐकून घेत आणि टपरीवरचा दुधाळ चहा पीत. गाढवाला गुळाची चव काय, असं मनात म्हणून मी दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगायचो.

या ज्ञानापायी माझा मोठा भाऊ तुटला. तो धुळ्याकडे गावी शेती करतो. त्याच्या मुलीच्या लग्नात चहा आला, तेव्हा नव्या व्याह्यांसमोर मी म्हणालो, "हा चहा नाही, भांडी विसळलेलं पाणी आहे." भाऊ ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "आजपासून तुना घरना चहा माले बंद."

आमच्याकडे एखाद्याच्या घरचा चहा बंद केला म्हणजे नातंच मोडलं. सहा वर्षं भाऊ कामापुरता यायचा, पाणी प्यायचा आणि उठायचा. मला फार वाईट वाटायचं. पण माझी जीभ जगभरच्या चहावर चालते, माफीवर चालत नाही.

गेल्या उन्हाळ्यात वहिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन जळगावला होतं. भाऊ दुपारी सामान ठेवायला आमच्याकडे आला. आज त्याला चहा पाजायचाच, असं मी ठरवलं होतं, आणि तोही साधासुधा नाही. माझ्या मुलीने दार्जिलिंगचा पहिल्या तोडीचा चहा पाठवला होता. बायको म्हणाली, "दूध घाला हो." मी म्हणालो, "या चहात दूध घालणं पाप आहे."

मी कप भावाच्या पुढ्यात ठेवला. त्याने आत पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"कोन गया रे?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारी कोरा चहा आणून देतात, आणि भेटायला आलेल्यालाही तोच मिळतो. जगातले सगळे चहा मला पाठ होते. आमचा तेवढा विसरलो होतो.

"माले सांगं बी नही?" भावाचे डोळे भरून आले. "इतला परका शे का मी?"

आणि मी तोंड उघडायच्या आत त्याने कप उचलून एका दमात संपवला. दुःखाच्या घरचा चहा नाही म्हणायचा नसतो. तिथे कुणाची शपथ चालत नाही.

बायकोच पुढे झाली. "कोणी गेलं नाही, भाऊ. यांचं वाचलेलं खूळ आहे हे."

भाऊ रिकाम्या कपाकडे बघत राहिला. "बठ्ठा बरा शेतस ना?"

"सगळे बरे आहेत."

"भाऊ, लग्नात मी चुकलो," मी म्हणालो. सहा वर्षं न सुटलेलं वाक्य होतं ते.

त्याने रुमालाने डोळे पुसले, नाकही पुसलं, आणि कप माझ्यापुढे धरला.

"मंग आते दूध टाकीसन आन."