शेवटची होडी यायची आहे

फेरीबोटीच्या धक्क्यावर तिकिटं फाडणाऱ्या बाईला सगळं गाव आत्या म्हणायचं. खरी आत्या ती धाकट्या भावाच्या मुलांची. पण त्या खिडकीतून तिकिटाबरोबर बोलणीही खायला मिळू लागल्यावर गावाने आपणहून नातं लावून टाकलं. बाई हटवादी. नवरा दुसरीकडे संसार थाटायला गेला तेव्हा नातेवाईक म्हणाले, आता ही घर सोडणार. तिने कुलूप तेवढं बदललं. तिकिटाचं यंत्र आलं तेव्हा साहेब म्हणाले, आता तुम्ही आराम करा. ती यंत्राशेजारी खुर्ची टाकून बसली, आणि यंत्र बंद पडलं की (ते वरचेवर पडायचं) लोक मुकाट्याने तिच्यापुढे रांग लावायचे. नवऱ्याने जाताना होतं नव्हतं ते नेलं. शिडाची होडी मागे ठेवली, कारण तिला गिऱ्हाईक मिळेना. रुंद बुडाची, जड होडी. घाई म्हणजे काय ते तिला ठाऊकच नव्हतं. आत्याने तीच शर्यतीत घातली.

शर्यत नौका क्लबची, दरवर्षीची. आत्याही दरवर्षी शेवटचीच. त्याचं तिला काडीचं दुःख नव्हतं. कोणीतरी शेवटचं असल्याशिवाय पहिल्याला पहिला कोण म्हणणार? दुःख होतं ते गेल्या वर्षीचं. ती बेटाला वळसा घालून परत आली, तर अंतिम रेषेवरचा तरंगता लाल बोया क्लबने उचलून नेलेला. तो बोया आणि किनाऱ्यावरचा झेंडा यांच्यामधली ती रेषा. बोया नाही म्हणजे रेषाही नाही. निकालाच्या फळ्यावर तिच्या होडीपुढे लिहिलं, ‘शर्यत सोडली’. जिने जन्मात काही सोडलं नाही तिच्या माथी हा शिक्का. तो घास वर्षभर तिच्या घशाखाली उतरला नव्हता.

यंदाही तेच. सूर्य अजून हातभर वर होता, आणि तो बुडेपर्यंत रेषा उघडी हा नियम क्लबनेच केलेला. पण प्रमुख पाहुण्यांना घाई होती. क्लबच्या हिरवळीवर बक्षीस समारंभ सुरू झाला होता, लाउडस्पीकर बोलत होता, आणि बोया गायब.

“चल ताई, गेलं हे वर्षही,” भाऊ म्हणाला. होडीवर दुसरा माणूस तोच. धंद्याने न्हावी, दुकानात वस्तरा धरताना कधी न थरथरणारा त्याचा हात इथे मात्र काठ सोडत नसे.

“नांगर टाक.”

“इथे?”

“इथेच. बोया होता त्याच्या जरा अलीकडे.”

“ताई, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?”

“मासा मीच आहे. टाक.”

नांगर पडला. शीड मात्र आत्याने उतरवलं नाही. ते हिरवळीच्या अगदी समोर असं फडफडत राहिलं की पाहुण्यांची नजर भाषणावरून उडाली. थोड्याच वेळात क्लबचे सेक्रेटरी समारंभाच्या कोटातच मोटारलाँच घेऊन आले.

“आत्या, काय चाललंय हे? दोर घ्या, ओढून नेतो तुम्हाला.”

“ओढून नेलेली होडी बाद. तुमचाच नियम.”

“बरं, फळ्यावर ‘पूर्ण’ लिहितो. मग तर झालं?”

भावाचा चेहरा उजळला. “पदरात पडतंय ते घे ना, ताई.”

हिरवळीवर लोक आपल्याला हसताहेत हे आत्याला दिसत होतं, लाजही वाटत होती. पण लाजेपेक्षा राग जुना होता.

“गेल्या वर्षी खोटं लिहिलंत, यंदाही खोटंच लिहिणार? मला ओलांडायची आहे रेषा. बोया आणा.”

“तुम्ही जरा लवकर आला असतात तर...”

“आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. बोया आणा.”

भावाला हसू फुटलं. सेक्रेटरींकडे बघून त्याने ते खोकल्यात घातलं.

सेक्रेटरींनी हात टेकले. लाँच गेली आणि बोया घेऊन आली. तो जागेवर पडला आणि नेमका तेव्हाच वारा पडला.

शीड ओल्या टॉवेलसारखं लोंबू लागलं. ओहोटी होडीला मागे खेचत होती, नांगराने धरून ठेवलं इतकंच. भावाने हळूच वल्ह्याला हात घातला.

“वल्हं मारलंस तर पोहत घरी पाठवीन,” आत्या म्हणाली.

पाहुणे गेले. हिरवळीवरच्या खुर्च्या एकात एक रचल्या गेल्या. शर्यतीतली बाकीची माणसं मात्र बक्षिसं काखेत मारून धक्क्याच्या कठड्यावर येऊन बसली, आणि आता त्यांच्यातलं कोणी हसत नव्हतं. सेक्रेटरी लाँचमध्ये भोंगा धरून उभे होते. रेषा त्यांनीच पुन्हा मांडलेली, तेव्हा टाकून जाताही येईना. सूर्य पाण्याला टेकला. तो बुडाला की आत्या बाद, आणि या वेळी अगदी नियमाने बाद.

“ताई, मानेला गार लागतंय.”

“नांगर उचल. हळू.”

वाऱ्याने शीड कुरकुरत भरलं. होडी तसूतसूने पुढे सरकू लागली. बोया बाजूला आला, मग मागे पडला. सूर्याची एवढीशी लाल कड अजून पाण्यावर होती तोच भोंगा वाजला.

“पोचलात, आत्या,” सेक्रेटरी थकून म्हणाले.

“मला माहीत होतं,” आत्या म्हणाली. “तुम्हाला कळावं म्हणून थांबले होते.”