ठिपक्याचं शून्य

सोमवारी सकाळी नऊ ते बारा शून्यकाकांशी कुणी बोलायचं नाही, असा आमच्या मजल्यावरचा अलिखित नियम होता. त्या तीन तासांत ते उजवीकडे फोन, डावीकडे वही आणि मधे शिसपेन्सिल ठेवून बसत. देशभरातल्या ज्या आरोग्य केंद्रांचा आठवड्याचा अहवाल आलेला नसे, त्यांना एकेक करून फोन लावत. अहवालात फार काही नसे. अकरा रोगांची नावं आणि प्रत्येकापुढे आकडा. रोगी नसेल तर शून्य. पण ते शून्यसुद्धा कुणीतरी सांगावं लागे. ती शून्यं गोळा करण्यात त्यांची तीस वर्षं गेली आणि हे नाव पडलं. खरं नाव पगारपत्रकावर होतं. तिथे ते कुणी वाचत नसे.

मी शेजारच्या टेबलावर आलेख काढायचो. नवा होतो तेव्हा एकदा म्हणालो, "काका, अहवाल आला नाही म्हणजे काही नसेलच ना? असतं तर कळवलं असतं."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "तू एखाद्याचं दार वाजवलंस आणि आतून कुणी ओ दिली नाही, तर घरात सगळे मजेत आहेत असं धरून परत येतोस?"

"नाही."

"मग झालं तर. काढ आलेख."

फोनवर ऐकलेलं शून्य ते वहीत गोल, स्वच्छ काढत. दुसऱ्या एका खुणेचा अर्थ मला बऱ्याच उशिरा कळला. फोन लागलाच नाही आणि बारा वाजले, तरी वरच्या मजल्यावर तक्ता द्यावाच लागे, आणि तक्त्यात रिकामी चौकट चालत नसे. मग काका तिथे शून्य लिहीत, पण वहीत त्या शून्याच्या पोटात बारीक ठिपका देत. म्हणजे हे शून्य कुणी सांगितलेलं नाही, मी लिहिलंय. मंगळवारी पुन्हा फोन लावून, उत्तर मिळालं की ठिपका खोडत. तक्त्यात ठिपका जात नसे. तो त्यांचा आणि वहीचा मामला होता.

एकशे सतरा नंबरचं केंद्र खिंडीपलीकडे होतं. तिथे डॉक्टर नेमलेला होता आणि कागदावर हजर होता. प्रत्यक्षात सगळा कारभार एका सिस्टरचा. मोबाइलला रेंज नाही. केंद्राच्या फोनवरून बाहेर फोन करायची सोय खात्यानं काटकसर म्हणून काढून घेतली होती. आलेला फोन तेवढा घेता येई. कागदी अहवाल आठवड्याच्या जीपबरोबर यायचा, तो नेहमी उशिरा. त्यामुळे सोमवारचा काकांचा फोन हाच तिचा आणि आमचा संबंध. काकांचा फोन जुना, मोठ्या आवाजाचा. पलीकडचं मलाही ऐकू यायचं.

"आहात का सिस्टर?"

"नसते तर फोन कुणी उचलला असता? भुतानं?"

"भुतानं उचलला तरी आकडा घेणार मी. बोला."

"शून्य. तुमच्याकडे दुखरे गुडघे किती?"

"एक."

"दुसरा धडधाकट आहे ना? मग साथ म्हणता येणार नाही. ठेवते."

अकरा वर्षं हे चाललं होतं. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. तिच्या नवऱ्याला बुद्धिबळाचं वेड आहे आणि गावात खेळायला कुणी नसल्यामुळे तो स्वतःशीच खेळून स्वतःवरच चिडतो, एवढं काकांना माहीत होतं. काकांच्या घरात साखर बंद झाली आहे, हे तिला.

मग पाखरांचा ताप आला. म्हणजे आला नव्हता, येणार होता. शेजारच्या देशात कोंबड्या पाळणारी दोन माणसं दगावली होती. आमच्या संस्थेनं तळमजल्यावर नियंत्रण कक्ष उघडला, भिंतभर संगणकाचे पडदे लावले, दारोदार पत्रकं वाटली. ते चूक होतं असं मला आजही म्हणवत नाही. येणाऱ्या संकटाकडे डोळे लावून बसणं हेच आमचं काम. पण डोळे दोनच असतात. जिल्ह्याजिल्ह्यातल्या जीपा कोंबड्यांच्या शेडकडे वळवल्या गेल्या आणि ज्याला म्हणून बोलता येत होतं त्याला हेल्पलाइनवर बसवलं. काकांच्या कानाला हेडफोन लागला.

"आमचा पोपट शिंकतोय हो."

"कितीदा?"

"मोजलं नाही."

"मोजा. आणि पिंजऱ्यात तोंड घालून मोजू नका."

एक बाई रोज फोन करायच्या. खिडकीत एक कबुतर येतं आणि ते आपल्याकडेच बघतं, अशी त्यांची तक्रार होती. काका त्यांना म्हणाले, "बघू द्या बाई. आपल्याकडे बघणारं हल्ली कोण असतं?"

त्या पहिल्या सोमवारी ते हेडफोन उतरवून वर आले तेव्हा बाराला वीस मिनिटं होती आणि वहीत त्रेचाळीस चौकटी कोऱ्या होत्या. त्यांनी दोन फोन लावले. तिसरा लागेना. घड्याळाकडे पाहिलं. एकशे सतरावर बोट ठेवून थांबले. त्या बोटाचं नख पेन्सिलीनं काळं झालेलं होतं, ते मला अजून दिसतं.

मी म्हणालो, "काका, त्या बाई गेल्या दोन वर्षांत शून्याशिवाय काही बोलल्यात का? नेहमीचंच टाका. उद्या लावा फोन."

हे वाक्य माझं आहे. काकांनी ते पुढे कधी कुणाला सांगितलं नाही, म्हणून मी सांगतो.

त्यांनी शून्य काढलं, आत ठिपका दिला. मंगळवारी ते दिवसभर हेल्पलाइनवर होते. बुधवारीही. दुसऱ्या सोमवारी पुन्हा शून्य, पुन्हा ठिपका. तिसऱ्या सोमवारी ते बोट ठेवून थांबलेही नाहीत.

त्या तीन आठवड्यांत पाखरांचा ताप आपल्या देशात एकालाही झाला नाही.

चौथ्या सोमवारी हेल्पलाइन थंडावली होती. काका नऊला जागेवर बसले, पेन्सिलीला टोक केलं आणि पहिला फोन एकशे सतराला लावला. बराच वेळ वाजला. मग पुरुषाचा आवाज आला.

"सिस्टर आहेत का?"

"कोण?"

"मुख्य कार्यालयातून. सोमवारचा फोन."

"काका का तुम्ही?"

"हो."

"ती गेली. गुरुवारी. बारा मुलं गेली, मग ती." तो म्हणाला, "घशात पांढरं साचत होतं. श्वास घ्यायला जागाच राहत नव्हती."

काकांनी वहीत घटसर्पापुढे बारा लिहिलं. ते खोडलं. तेरा लिहिलं. मग उठून उभे राहिले आणि कुठे जायचं ते न कळून तसेच टेबलाला धरून राहिले. घटसर्पावरचं औषध आमच्याच शीतगृहात होतं. खिंडीपलीकडे पोचायला दीड दिवस लागतो.

पथक त्याच दुपारी निघालं. आमच्या माणसांनी तिथे जीव तोडून काम केलं, चाळीसच्या वर मुलं वाचवली, घरोघरी जाऊन लस टोचली. आठवड्यात साथ आटोक्यात आली. मग चौकशी झाली आणि अहवालात एक वाक्य आलं: सदर केंद्राने सलग तीन आठवडे शून्य रुग्ण कळवल्यामुळे साथ वेळेत लक्षात आली नाही. वर्तमानपत्रानं ते सोपं करून छापलं. परिचारिकेने साथ लपवली.

काका वही घेऊन वरच्या मजल्यावर संचालक मॅडमकडे गेले. एकट्यानं जाववत नव्हतं म्हणून मला बरोबर घेतलं. मॅडम वाईट नव्हत्या. तीन आठवडे त्याही घरी फक्त अंघोळीपुरत्या जात होत्या.

"तिनं शून्य कळवलं असं छापून आलंय," काका म्हणाले. "तिनं काहीच कळवलं नव्हतं. मी फोनच केला नाही. ही तीन शून्यं माझी आहेत."

मॅडमनी चष्मा वर सरकवला. "हा ठिपका कसला?"

काकांनी सांगितलं. त्या ऐकता ऐकता पानं उलटत गेल्या, मागे, आणखी मागे. जवळपास प्रत्येक पानावर कुठे ना कुठे ठिपका होता.

"मंगळवारी खोडायचात ना हे?"

"जमेल तेवढे."

"न खोडलेले किती आहेत?"

"मोजले नाहीत."

"मोजू नका." त्यांनी वही मिटली. पण ठेवून घेतली नाही, काकांच्याच हातात दिली. "काका, उद्या पाखरांचा ताप खरंच आला तर मला लोकांना सांगायचंय, आमचे आकडे खरे आहेत, आम्ही सांगतो तसं वागा. ही वही बाहेर गेली तर कोण ऐकेल माझं? मग मरतील ते बारा-तेरा नसतील."

"आणि सिस्टर?"

"त्या गेल्या, काका. त्यांना आता काय फरक..."

"तिचं नाव आहे ना अजून," काका म्हणाले.

मॅडम खिडकीकडे बघत राहिल्या. तिथे कबुतरही नव्हतं.

काकांनी रीतसर अर्ज केला. त्याला आवक क्रमांक मिळाला. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: आठवडा बंद झाल्यानंतर तक्त्यात दुरुस्ती करता येत नाही.

त्या रविवारी ते घरी खिडकीशी भिंग घेऊन बसले. हे त्यांनीच नंतर मला सांगितलं, हसत, पण ते हसू बघवत नव्हतं. बायकोनं विचारलं, "तांदूळ निवडताय का?"

"खडे मोजतोय."

"किती निघाले?"

चारशेला त्यांनी वही मिटली होती. अजून सहा वर्षांची पानं मोजायची उरली होती. म्हणाले, "बहुतेक ठिकाणी काही झालंही नसेल रे. पण ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. तीस वर्षं मी काय गोळा केलं, सांग."



दुसऱ्या दिवशी सोमवार. नऊला त्यांनी एकशे सतराला फोन लावला. बदली सिस्टर अजून आली नव्हती. नवऱ्यानं उचलला.

"केंद्रातली खोली सोडायला सांगितलीय मला," तो म्हणाला. "बरंच झालं. नळावर गेलो की बायका अर्ध्या भरलेल्या बादल्या उचलून निघून जातात. तिनं लपवलं म्हणतात. पेपरात आलंय ना."

"तिनं नाही लपवलं. ती शून्यं मी लिहिली. मी फोन केलाच नव्हता."

"ते मला माहीत आहे, काका."

"कसं?"

"मी इथेच होतो की. पहिल्या सोमवारी तिनं चिठ्ठीवर चार लिहून ठेवलं होतं. नऊपासून फोनपाशी बसली. म्हणाली, जीप नाही आली तरी काकांचा फोन चुकायचा नाही. दुसऱ्या सोमवारी नऊ लिहिलं. मी म्हटलं, खिंड उतरून पोलीस चौकीवर जातो. तर म्हणाली, तू गेलास तर पोरांना धरून कोण बसेल? थांब, आज नक्की येईल. तिसऱ्या सोमवारी तिला उठवत नव्हतं. मी वायर ओढून फोन उशाशी ठेवला. बुधवारी गेलोच मी चौकीवर. तुमची हेल्पलाइन लावून दिली त्यांनी. पाखरांचा ताप असेल तर एक दाबा, नसेल तर थांबा. थांबलो. मग परत आलो."

काकांच्या हातातली पेन्सिल टेबलावरून घरंगळली. ती मी उचलली. त्यांनी घेतली नाही.

"माझ्याकडे वही आहे," ते म्हणाले. "पेपरवाल्यांना देतो. माझी नोकरी गेली तर जाऊ दे. सगळ्यांना कळेल."

"काय कळेल?"

"की ती खोटं बोलली नाही."

"आणि हेही कळेल ना, ती कुणाच्या भरवशावर बसून राहिली? बारा पोरं गेली तोवर?" तो रागावला नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "आत्ता तिला लबाड म्हणतात. मग खुळी म्हणतील. खुळी म्हटलेलं मला सोसायचं नाही, काका. राहू दे ते."

त्यानं फोन ठेवला. काका रिसीव्हर कानाशी धरून बसून राहिले. आतला तो सपाट सूर मला शेजारच्या टेबलावर ऐकू येत होता.

वही त्यांच्या खणात आहे. वर्तमानपत्राकडे गेली नाही, मॅडमकडेही परत गेली नाही. चौकशीतलं वाक्य आहे तसंच आहे. खिंडीपलीकडे जायला कुणी सिस्टर तयार नाही, त्यामुळे केंद्राला कुलूप आहे, पण फोन तोडायचा हुकूम अजून कुणी काढलेला नाही. निवृत्तीला काकांचे पाच महिने उरलेत. दर सोमवारी नऊ वाजता ते पहिला फोन एकशे सतराला लावतात आणि त्या बंद खोलीत तो आपणहून थांबेपर्यंत वाजू देतात. वहीत ती चौकट ते कोरी सोडतात.

आता मात्र वरच्या मजल्यावर वहीवरून काही जात नाही. संगणकाचा नवा पडदा आलाय. बारा वाजले की जी चौकट रिकामी असेल तिथे तो स्वतःच शून्य भरतो. ठिपका द्यायची सोय त्यात नाही. मी त्यावरून आलेख काढतो. एकशे सतराची रेघ गेले कित्येक आठवडे अगदी सरळ चालली आहे.