न दिलेला शब्द

हे मी कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळसुद्धा नाही. तो गेला तेव्हा त्याचाही समज तोच होता, जो सगळ्यांचा आहे. तुमच्याजवळ बोलते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. किंवा ओळखतही असाल. पुण्यातल्या शाळांमध्ये खिचडी शिजवणाऱ्या बायकांची एक संघटना आहे, तिची मी कितीतरी वर्षं सरचिटणीस होते. वर्तमानपत्रात कधीतरी फोटो पाहिला असेल. हात वर, तोंड उघडं.

मुळात मी शिक्षिका. धायरीतल्या एका शाळेत मराठी शिकवायचे. शाळेमागे पत्र्याची शेड होती, तिथं रंजना आणि तिच्या बचत गटातल्या बायका मुलांसाठी रोज स्वयंपाक करायच्या. मधल्या सुट्टीच्या आधी फोडणीचा वास वर्गात यायचा आणि मग कवितेत कुणाचं लक्ष नसायचं, माझंही नसायचं. रंजना चौथीपर्यंत शिकलेली. ती मला बाई म्हणायची. सगळेच म्हणायचे — पण तिच्या तोंडी त्याचा अर्थ असा असायचा, की बाईंनी सांगितलं म्हणजे झालं. मी निवृत्त होऊन संघटनेचं काम अंगावर घेतलं, तेव्हा पहिली सभासद तीच झाली.

एवढी प्रस्तावना करते आहे, म्हणजे मुद्द्यावर यायचं टाळते आहे. कळतं मला.

त्या वर्षी राज्यात आमचं सरकार आलं. आमचं म्हणजे — कष्टकऱ्यांचं नाव घेणारं, जाहीरनाम्यात आमच्या बायकांसाठी अख्खा परिच्छेद लिहिणारं. आम्ही त्यांच्यासाठी गल्लोगल्ली फिरलो होतो. पत्रकं मी लिहिली होती. निकालाच्या दिवशी रंजनाने घरून रवा-साखर आणून शिरा केला आणि आधी माझ्या हातावर ठेवला.

काही महिन्यांत त्याच सरकारचा निर्णय आला. शहरातल्या शाळांमधला स्वयंपाक बंद. एकाच ठिकाणी मोठं स्वयंपाकघर, ते ठेकेदार चालवणार, तिथून टेम्पोने डबे शाळेत येणार. स्वच्छता, दर्जा, सुसूत्रता — कागदावर शब्द छान होते. शिजवणाऱ्या बायकांचं काय, यावर एक ओळ नव्हती. आधीच्या सरकारने हे केलं असतं तर दुसऱ्या दिवशी आम्ही रस्त्यावर असतो. या सरकारला मात्र मी निवेदनं देत बसले. एकामागून एक, विनंतीपूर्वक. परक्याने फसवलं तर राग येतो हो. आपल्या माणसाने फसवलं तर आधी लाज वाटते. दारोदार जाऊन ‘आपले लोक आहेत’ असं कोण सांगत होतं? मीच ना?

शेवटी बायकाच म्हणाल्या, बाई, कागद पुरे झाले. आणि शिक्षण खात्याच्या कचेरीच्या फाटकासमोर धरणं सुरू झालं.

पाचव्या दिवशी निरोप आला. खात्याचे मंत्री पुण्यात आहेत, विश्रामगृहावर दोघींनी या. मी रंजनाला बरोबर घेतलं.

आत काय झालं ते आता जसंच्या तसं सांगते. आमच्या बाजूने ते आजवर फक्त दोघींना माहीत आहे.

मंत्र्यांनी मला ओळखलं. नावानिशी ओळखलं. फार वर्षांपूर्वी महागाईविरोधी मोर्चात आम्ही एकत्र होतो, ते त्यांनी पीएला कौतुकाने सांगितलं. चहा मागवला. आणि मी — पाच दिवस उन्हात बसलेल्या बायकांची प्रतिनिधी — मी सुखावले. निवेदनाचं पहिलं पान त्यांनी वरवर पाहिलं. मग म्हणाले, “धोरण ठरलेलं आहे, ताई. त्यात आता बदल नाही. बायकांचं पुढे कधीतरी बघू. पण आत्ता आपल्याच सरकारला अडचणीत आणू नका, समोरचे टपून बसलेत.” आणि उठले. दुसरी मंडळी बाहेर थांबलेली होती.

बस. एवढंच. ‘पुढे कधीतरी बघू’ — याला कुणी शब्द म्हणेल?

परतताना रिक्षात रंजनाने विचारलं, “म्हंजी बंदच की वो, बाई?” मी बघू म्हणाले आणि बाहेर पाहत राहिले. मी काय ठरवत होते? खरंच सांगते, काही ठरवलं नव्हतं. फाटकाशी उतरलो. सतरंजीवरच्या बायका माझ्याकडे पाहत उठून उभ्या राहिल्या. कुणीतरी माइक हातात दिला. आणि मी म्हणाले — मंत्र्यांनी शब्द दिलाय, चालू असलेली एकही चूल बंद होणार नाही.

टाळ्या. शिट्ट्यासुद्धा. मागून एका म्हातारीने विचारलं, लिहून दिलंय का? तेवढं एकच शहाणं माणूस होतं त्या गर्दीत. मी हसून म्हणाले, आपल्या माणसाकडून लिहून मागायचं का? आणि मग, विश्वास पक्का व्हावा म्हणून, वर म्हणाले, “रंजना होती ना माझ्याबरोबर. विचारा तिला.”

रंजनाने माझ्याकडे पाहिलं. मग तिने मान हलवली. हो.

संध्याकाळच्या आत सतरंज्या गुंडाळल्या गेल्या.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा शेडला कुलूप होतं आणि फाटकात टेम्पो उभा होता. बायका संतापल्या. मी त्यांच्याहून जास्त संतापले, आणि तो संताप खोटा नव्हता — हे तुम्हाला पटेल का? माझा घसा सरकारविरुद्ध बोलून बसला. ‘शब्द मोडणारं सरकार’ ही घोषणा माझी. वर्तमानपत्रांनी उचलली, इतर संघटनांनी उचलली, मंत्री ज्यांना टपून बसलेले म्हणाले होते त्या विरोधकांनीही उचलली. मंत्री म्हणाले, मी असा कोणताही शब्द दिला नव्हता. लोक हसले. म्हणे, नाकबूल करणारच, दुसरं काय करणार? त्या माणसाचं धोरण वाईटच होतं आणि त्याबद्दल मी आजही तोंडावर बोलेन. पण त्या एका वाक्यात तो खरं बोलत होता, आणि ते माहीत असून मी त्याला व्यासपीठावरून खोटारडा म्हटलं. धोरणावर टीका करायला माझ्याकडे खरी कारणं ढिगाने होती. मी त्यातलं एकही वापरलं नाही. सोपं होतं ते वापरलं.

इथं थांबले असते तर कदाचित हे लिहायची वेळ आली नसती. खोटं बोलणारे पुढारी थोडे का आहेत? पण रंजनाचं सांगायचं आहे. तिथंच माझी जीभ अडते.

रंजनाचा नवरा पडून होता, घर तिच्यावर. शेड बंद झाल्यावर ती त्याच मोठ्या स्वयंपाकघरात भांडी घासायला लागली. गटातल्या बायकांना ते कळलं, आणि त्यांनी आपापसात हिशोब जुळवला. तिने मान का हलवली होती, ते म्हणे आता कळलं. धरणं उठवायच्या बदल्यात नोकरी आधीच ठरलेली होती म्हणे. तिच्या आळीत तिच्याशी बोलणं बंद झालं. मग विषय आमच्या कार्यकारिणीत आला. मला सरळ विचारलं, बाई, त्या दिवशी आत नक्की काय झालं?

मी म्हणाले — हे मी पहिल्यांदाच कागदावर उतरवते आहे — मी म्हणाले, “शेवटी मी निवेदनाचे कागद आवरत होते. मंत्र्यांचं शेवटचं बोलणं रंजनाने ऐकलं, तिने मला सांगितलं, म्हणून मी जाहीर केलं.”

कुणी मला असं बोलायला भाग पाडलं नव्हतं. खोलीत पंखा होता, चहा होता, सगळी माझीच माणसं होती. घोषणा सोयीची होती, ती तशीच राहिली; तिचं नाव सभासदांच्या यादीतून काढायचा ठराव मात्र झाला. मी हात वर केला.

त्यानंतर ती एकदा माझ्या घरी आली. आत ये म्हटलं तर दारातच उभी राहिली. भांडायला आली असेल असं मला वाटलं, तशी माझी तयारीही होती. ती शांत होती. म्हणाली, “बाई, मंत्री काय बोलला ते मीबी ऐकलं. पण मला वाटलं, तुम्हाला त्यातलं काय जास्तीचं कळलं आसंल. आपल्याला न्हाई कळलं आसंल. म्हणून मान हलवली.” मग म्हणाली, आळीतल्या बायकांना एवढं एकदा सांगा, की मी काही घेतलं नव्हतं. बाकी काही नको.

मी म्हणाले, सांगते. पुढच्या सभेत सांगते.

पुढची सभा झाली. त्याच्या पुढचीही झाली. मी सरकारवर बोलले, ठेकेदारीवर बोलले, विश्वासघातावर तर फारच छान बोलले. एकदा खाली बसलेल्यांत तिच्या आळीतल्या दोघी दिसल्या, तेव्हा पाणी प्यायले आणि पुढच्या मुद्द्यावर गेले. तिनेही पुन्हा कधी विचारलं नाही. मंत्र्यांच्या बाजूने ती साक्ष देऊ शकली असती, पत्रकारांना खरं सांगू शकली असती. माझं सगळं तिथंच संपलं असतं. ती कुणाकडे गेली नाही.

ते सरकार गेलं. मोठं स्वयंपाकघर आहे. गेल्या वर्षी संघटनेने माझा सत्कार केला, शाल घातली, शब्द मोडणाऱ्यांना जाब विचारणाऱ्या बाई म्हणून माझी ओळख करून दिली. मी नमस्कार केला. रंजना धायरीतच राहते. मी त्या बाजूला गेले तर तिच्या घराकडचा रस्ता टाळते, लांबून वळसा घालून जाते.

मंत्र्यांनी शब्द दिला नव्हता. रंजनाने कुणाकडून काही घेतलं नव्हतं. धरणं मी उठवलं, आणि तिला बाहेर काढायला हात मीच वर केला.